मुंबईतील क्रूझ पर्यटन

मुंबईतील क्रूझ पर्यटन म्हणजे मुंबई बंदरातून सुटणाऱ्या किंवा तेथे थांबणाऱ्या प्रवासी जहाजांतून केवळ विरंगुळ्यासाठी केला जाणारा सागरी प्रवास होय. या प्रवासात जहाज हे वाहतुकीचे साधन असतेच, शिवाय निवास, भोजन आणि करमणूक यांची सोयही तेथेच असते. मुंबई हे भारतातील क्रूझ पर्यटनाचे प्रमुख केंद्र असून येथून गोवा, कोची व लक्षद्वीप या दिशांना प्रामुख्याने सहली निघतात. त्यांपैकी मुंबई–गोवा हा मार्ग सर्वाधिक परिचित आहे. याच मार्गावर एकोणिसाव्या शतकापासून १९८० च्या दशकापर्यंत कोकणातील सर्वसामान्य प्रवाशांची आगबोट चालत असे. ती आगबोट किनाऱ्यावरील बंदरे घेत जाई. आजचे क्रूझ जहाज ती सर्व बंदरे मागे टाकून थेट गोव्याला पोहोचते. सागरी प्रवासाचे लोकवाहतुकीकडून चैनीच्या पर्यटनाकडे झालेले हे स्थित्यंतर या विषयाचे वैशिष्ट्य मानता येईल.

संज्ञा

‘क्रूझ’ या शब्दासाठी मराठीत ‘सागरी सहल’, ‘जलपर्यटन’ असे शब्द वापरले जातात. तथापि व्यवहारात ‘क्रूझ’ हाच शब्द रूढ आहे. एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत प्रवासी पोहोचविणाऱ्या मोठ्या जहाजाला ‘लायनर’ म्हणतात, तर सहलीसाठी फिरून बहुधा मूळ बंदरात परत येणाऱ्या जहाजाला ‘क्रूझ जहाज’ म्हणतात. ज्या बंदरातून जहाजाची सहल सुरू होते व जेथे संपते त्याला ‘होम पोर्ट’ अशी संज्ञा आहे. जहाज केवळ काही तासांसाठी जेथे थांबते ते ‘पोर्ट ऑफ कॉल’ होय. होम पोर्टवर प्रवासी मुक्काम करतात, तसेच जहाज इंधन, पाणी व अन्नधान्य भरून घेते. त्यामुळे आर्थिक दृष्ट्या होम पोर्टचे महत्त्व अधिक असते.

जागतिक पार्श्वभूमी

ब्रिटनच्या पी. अँड ओ. कंपनीने १८४४ मध्ये भूमध्य समुद्रातील सागरी सहली सुरू केल्या. १८९१ मध्ये जर्मनीच्या हांबुर्ग–अमेरिका लाइनने हिवाळ्यात रिकामे राहणारे ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्राच्या सहलीवर पाठविले. केवळ सहलींसाठी बांधलेले ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हे जहाज १९०० मध्ये पाण्यात उतरले. १९५८ नंतर जेट विमानांची अटलांटिकपार सेवा वाढत गेली, तशी लायनर जहाजांची गरज संपत आली आणि अनेक कंपन्या सहलींच्या व्यवसायाकडे वळल्या. क्रूझ कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे २ कोटी ९७ लाख, तर २०२३ मध्ये सुमारे ३ कोटी १७ लाख प्रवाशांनी समुद्री क्रूझ प्रवास केला. २०२४ मध्ये सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज सुमारे ३६५ मीटर लांब असून त्याची कमाल प्रवासी क्षमता सुमारे ७,६०० आहे.

इतिहास

समुद्रप्रवास आणि मुंबई

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात समुद्र ओलांडून परदेशी जाणे उच्चवर्णीय हिंदू समाजात निषिद्ध मानले जाई. ही बंदी ‘सिंधुबंदी’ या नावाने ओळखली जाते. परदेशातून परतणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबई व युरोप यांतील अंतर बरेच कमी झाले आणि मुंबई हे भारताचे पश्चिमेकडील प्रवेशद्वार बनले. १८७३ मध्ये मुंबई बंदर न्यासाची स्थापना झाली. त्याचे संस्थापक कर्नल बॅलार्ड यांचे नाव पुढे बॅलार्ड पिअर या धक्क्याला देण्यात आले. युरोपातून येणारे प्रवासी या धक्क्यावर उतरून तेथील ‘बॅलार्ड पिअर मोल’ स्थानकातून थेट रेल्वेने उत्तर भारताकडे जात. हे स्थानक १९४४ मध्ये बंद झाले. आजचे क्रूझ टर्मिनल याच परिसरात आहे.

कोकणची आगबोट

वाफेच्या जहाजांची कोकण किनाऱ्यावरील सेवा एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. या वाहतुकीवर दीर्घकाळ बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे वर्चस्व होते. स्वदेशी चळवळीच्या काळात भारतीय भांडवलावर उभी राहिलेली इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी कोकणात ‘माझी आगबोट कंपनी’ या नावाने लोकप्रिय झाली. तिच्या बोटींना संतांची नावे देण्यात आली होती.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण व वेंगुर्ला अशी बंदरे घेत जात असे. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागू शकत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकी आणि प्रवासी सामानासह पडावातून किनाऱ्यावर जात. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारे चाकरमानी, विद्यार्थी, व्यापारी आणि गणपती-शिमग्याला गावी निघालेली कुटुंबे हा या बोटींचा मुख्य प्रवासीवर्ग होता. बहुसंख्य प्रवासी डेकवर पथारी पसरून प्रवास करीत. ‘बोट लागणे’ हा मराठीतील वाक्प्रचार याच अनुभवातून रूढ झाला. पावसाळ्यात बंदरे बंद होत आणि सेवा स्थगित राही.

या मार्गावर गंभीर अपघातही झाले. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. भारताच्या सागरी इतिहासातील ही एक मोठी दुर्घटना मानली जाते.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर मुंबई–पणजी बोट पर्यटकांनाही आकर्षित करू लागली. एक दिवस व एक रात्र चालणारा हा प्रवास १९६० व १९७० च्या दशकांत गोव्याकडे जाणाऱ्या परदेशी तरुणांमध्ये प्रसिद्ध होता. चौगुले समूह व त्यानंतर मोगल लाइन यांनी ‘कोकण सेवक’ व ‘कोकण शक्ती’ या बोटींद्वारे सेवा चालविली. रस्ते सुधारत गेले, एस.टी. गाड्या वाढल्या आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही सेवा बंद पडली. १९९० च्या दशकात दमानिया समूहाने मुंबई–गोवा वेगवान कॅटामरान सेवा सुरू केली. परंतु ती फार काळ टिकली नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यानंतर या किनाऱ्यावरील दूरच्या प्रवासासाठी सागरी मार्गाची निकड उरली नाही.

आधुनिक क्रूझ सेवा

मुंबईस होम पोर्ट मानून चालविल्या गेलेल्या प्रमुख जहाजांची माहिती पुढीलप्रमाणे आहे.

• सुपरस्टार लिब्रा : स्टार क्रूझेस कंपनीचे हे जहाज २००५ मध्ये मुंबईत आले. ते १९८८ मध्ये ‘सीवर्ड’ या नावाने बांधण्यात आले होते. मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे त्याच्या सहली होत.

• कोस्टा निओक्लासिका : इटलीच्या कोस्टा कंपनीचे १९९१ मध्ये बांधलेले हे जहाज डिसेंबर २०१६ पासून मुंबई ते मालदीवची राजधानी माले या मार्गावर हिवाळी हंगामात चालले.

• आंग्रिया : मुंबई–गोवा मार्गावर ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेले जहाज. पूर्वी ते जपानमध्ये टोकियो व ओगासावारा बेटे यांदरम्यान प्रवासी वाहतूक करीत असे. विजयदुर्गच्या पश्चिमेस समुद्रात असलेल्या ‘आंग्रिया बँक’ या प्रवाळी उंचवट्यावरून जहाजाचे नाव ठेवण्यात आले. त्या उंचवट्याचे नाव मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून आलेले आहे. हे जहाज संध्याकाळी मुंबईहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगाव बंदरात पोहोचत असे. २०२० मधील कोविड साथीत ही सेवा थांबली.

• कर्णिका : जलेश क्रूझेस या भारतीय कंपनीचे जहाज एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत दाखल झाले. १९९० मध्ये ‘क्राउन प्रिन्सेस’ या नावाने बांधलेल्या या जहाजाची वास्तुरचना इटालियन वास्तुविशारद रेंझो पियानो यांनी केली होती. कोविड साथीत कंपनीचा व्यवसाय बंद पडला आणि जहाज गुजरातमधील अलंग येथे मोडीत काढण्यात आले.

• एम्प्रेस : कॉर्डेलिया क्रूझेस या नावाने सप्टेंबर २०२१ पासून चालणारे जहाज. १९९० मध्ये फ्रान्समधील सँ-नाझेर येथे ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने ते बांधले गेले. त्याची लांबी सुमारे २११ मीटर आहे. मुंबईहून गोवा, कोची व लक्षद्वीप या सहलींखेरीज जून २०२३ पासून चेन्नईहून श्रीलंकेच्या सहलीही या जहाजाने केल्या.

ही सर्व जहाजे इतरत्र दीर्घ काळ वापरल्यानंतर भारतात आली होती. नव्या क्रूझ जहाजाची किंमत मोठी असते. त्या तुलनेत भारतातील हंगाम लहान, सहली बहुधा दोन ते पाच रात्रींच्या आणि भाडे मर्यादित असल्याने कंपन्यांनी जुन्या जहाजांना पसंती दिली. दुसरीकडे, जुन्या जहाजांचा इंधन व देखभाल खर्च अधिक असल्याने सेवेत दीर्घकाळ खंड पडल्यास तग धरणे कठीण जाते. २०२० मधील घडामोडींत याचा प्रत्यय आला.

मार्ग आणि हंगाम

मुंबई ते मुरगाव हे सागरी अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. क्रूझ जहाजे सहसा संध्याकाळी मुंबई सोडतात आणि रात्रीच्या वेळी कोकण किनाऱ्यापासून दूर खोल समुद्रातून दक्षिणेकडे जातात. त्यामुळे सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसारखे सागरी किल्ले प्रवाशांच्या दृष्टीस पडत नाहीत. लक्षद्वीपमध्ये बेटांभोवती प्रवाळ व उथळ खाजणे असल्याने मोठे जहाज दूर उभे राहते व प्रवाशांना लहान बोटींतून बेटावर नेले जाते. लक्षद्वीपमध्ये प्रवेश करण्यासाठी शासकीय परवाना आवश्यक असतो.

अरबी समुद्रातील क्रूझ हंगाम साधारणपणे सप्टेंबर अखेरीपासून मे महिन्यापर्यंत असतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र खवळलेला असतो. कोकणातील मच्छीमार समाज नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून नवा हंगाम सुरू करतो, त्यामागेही हेच नैसर्गिक कारण आहे. पावसाळ्यात क्रूझ कंपन्या जहाज पूर्व किनाऱ्यावर नेतात किंवा फेऱ्या कमी करतात.

मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल

बॅलार्ड पिअर येथील टर्मिनलच्या आधुनिकीकरणाची पायाभरणी जानेवारी २०१८ मध्ये झाली. नव्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते भावनगर येथील कार्यक्रमातून करण्यात आले. टर्मिनलचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख १५ हजार चौरस फूट असून वर्षाला १० लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता आहे. एकाच वेळी पाच जहाजे येथे उभी राहू शकतील अशी योजना आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस रेल्वे स्थानक येथून जवळ असल्याने राज्याच्या अंतर्भागातून रेल्वेने येणाऱ्या प्रवाशांनाही टर्मिनल गाठणे सोयीचे जाते.

शासकीय धोरण

भारताच्या दोन बंदरांदरम्यान प्रवासी वाहून नेण्याचा हक्क सामान्यतः भारतीय ध्वजाच्या जहाजांना असतो. २००९ पासून परदेशी ध्वजाच्या क्रूझ जहाजांना या अटीतून सूट देण्यात आली. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारने क्रूझ जहाजांवरील बंदर शुल्कात ६० ते ७० टक्के कपात जाहीर केली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय बंदरे, जहाज वाहतूक व जलमार्ग मंत्री सर्बानंद सोनोवाल यांनी मुंबईत ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले. ही योजना तीन टप्प्यांत मार्च २०२९ पर्यंत राबविण्यात येणार असून क्रूझ प्रवाशांची संख्या पाच वर्षांत दुप्पट करणे हे तिचे उद्दिष्ट आहे. समुद्राखेरीज नद्यांतील पर्यटनाचाही तिच्यात समावेश आहे. नदी पर्यटनाचे ठळक उदाहरण म्हणजे १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून दिब्रुगडकडे निघालेले ‘गंगा विलास’ हे जहाज होय. ३६ पर्यटकांची सोय असलेल्या या जहाजाचा प्रवास ५१ दिवसांचा व सुमारे ३,२०० किलोमीटरचा होता.

प्रवासाचे स्वरूप

क्रूझचे भाडे प्रामुख्याने खोलीच्या प्रकारावर ठरते. खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त असते. त्यानंतर समुद्राकडे खिडकी असलेली खोली, सज्जा असलेली खोली आणि सूट असा चढता क्रम असतो. मुख्य उपाहारगृहांतील भोजन व बहुतेक करमणुकीचे कार्यक्रम भाड्यात समाविष्ट असतात. बंदर शुल्क, कर, मद्य, विशेष उपाहारगृहे, स्पा, इंटरनेट आणि किनाऱ्यावरील सहली यांचा खर्च बहुधा वेगळा आकारला जातो. त्यामुळे जाहिरातीतील भाडे आणि प्रत्यक्ष खर्च यांत लक्षणीय फरक पडू शकतो. भारतीय प्रवाशांसाठी चालणाऱ्या जहाजांवर शाकाहारी व जैन भोजनाची व्यवस्था असते.

देशांतर्गत सहलीसाठी छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र पुरेसे असते; सहलीत परदेशी बंदर असल्यास पारपत्र व आवश्यकतेनुसार व्हिसा लागतो. टर्मिनलवर सामानाची तपासणी झाल्यावर प्रवाशाला एक कार्ड मिळते. तेच खोलीची किल्ली, ओळखपत्र आणि जहाजावरील खर्चाची नोंद ठेवण्याचे साधन असते. जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सर्व प्रवाशांना आपत्कालीन कवायतीत भाग घ्यावा लागतो. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत बदल होऊन २०१५ पासून ही कवायत निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक झाले. जहाजावर डॉक्टर व प्राथमिक उपचारांची सोय असते. तथापि गंभीर रुग्णाला जवळच्या बंदरात उतरवावे लागते. गरोदरपणाच्या विशिष्ट आठवड्यानंतर प्रवासास परवानगी दिली जात नाही.

बंदिस्त जागेत मोठ्या संख्येने लोक एकत्र राहत असल्याने संसर्गजन्य रोगांचा प्रसार हा क्रूझ प्रवासातील मोठा धोका आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावर सातशेहून अधिक जणांना कोविडची लागण झाली. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्यास गेलेल्या ‘एम्प्रेस’ जहाजावर ६६ जण बाधित आढळल्याने ते मुंबईस परत आणण्यात आले.

रोजगार

क्रूझ जहाजांवर खलाशी व अभियंत्यांखेरीज स्वयंपाकी, वाढपी, सफाई कर्मचारी, कलावंत अशा अनेकांना काम मिळते. पश्चिम किनाऱ्यावर या रोजगाराची परंपरा जुनी आहे. गोव्यातील जहाजी कामगारांना ‘तारवटी’ म्हणतात. त्यांच्यासाठी मुंबईत धोबी तलाव व माझगाव परिसरात गावोगावच्या ‘कूड’ नावाच्या निवासी संस्था उभ्या राहिल्या. भारतीय नाविकाला कामासाठी सी.डी.सी. हे नोंदपुस्तक आणि सुरक्षा प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आवश्यक असतात. नोंदपुस्तक मुंबईस्थित नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीत दिले जाते. भरती करणाऱ्या संस्थेकडे याच कार्यालयाचा परवाना असणे बंधनकारक असून नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेण्यास नियमांनुसार मनाई आहे.

पर्यावरण

जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखण्यासाठी ‘मार्पोल’ हा आंतरराष्ट्रीय करार लागू आहे. त्यानुसार १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाचे प्रमाण ०.५० टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले. सांडपाणी व कचरा समुद्रात टाकण्यावरही निर्बंध आहेत. एका दिवसात हजारो प्रवासी उतरल्याने लहान बंदरांवर व नाजूक परिसंस्थांवर ताण येतो. याच कारणास्तव इटलीने ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिसच्या मध्यवर्ती जलमार्गातून मोठ्या क्रूझ जहाजांना बंदी केली. लक्षद्वीपमधील प्रवाळ आणि मर्यादित गोडे पाणी लक्षात घेता तेथील पर्यटकसंख्येचा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

कोकणच्या दृष्टीने महत्त्व

क्रूझ पर्यटनाचा आर्थिक लाभ प्रामुख्याने होम पोर्ट आणि थांब्याचे बंदर यांना मिळतो. मुंबई–गोवा मार्गावर हे लाभ दोन टोकांना एकवटतात. मधल्या रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोठ्या प्रवासी जहाजाला लागू शकेल असा धक्का व प्रवासी सुविधा यांची उणीव हे त्याचे मुख्य कारण आहे. आगबोटीच्या काळात ही उणीव पडावांनी भरून काढली होती. आजचे सुरक्षा नियम, प्रवाशांच्या अपेक्षा आणि जहाजांचे आकारमान पाहता तो मार्ग सहज शक्य नाही.

तुलनेने लहान जहाजांनी मात्र किनारी वाहतुकीचे पुनरुज्जीवन होऊ शकते, असे दिसून आले आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही प्रवासी व वाहने एकत्र नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये याच धर्तीवर मुंबई ते रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या किनाऱ्यापर्यंत रो-रो सेवेची घोषणा केली. एकेकाळी आगबोटीच्या थांब्यांपैकी असलेली जयगड व विजयदुर्ग ही बंदरे त्यामुळे पुन्हा प्रवासी वाहतुकीच्या चर्चेत आली आहेत.

हे सुद्धा पहा

भाऊचा धक्का
रामदास बोट दुर्घटना
कोकण रेल्वे
आंग्रिया बँक
मुंबई बंदर